सर्वांच्या वर्गासाठी शिक्षक घडवताना : छात्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची कार्यदर्शिका

छात्राध्यापक प्रशिक्षणाला येतो तेव्हा अध्यापनाच्या बाबतीत तो कोरा नसतो. विद्यार्थी म्हणून त्याने हजारो तास शिक्षक पाहिलेले असतात आणि प्रश्न कोणाला विचारायचा, चूक कोणत्या स्वरात दाखवायची, मागच्या बाकांकडे किती वेळा लक्ष द्यायचे, याचे नमुने त्याच्या अंगात मुरलेले असतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये याला निरीक्षणातून होणारी उमेदवारी, म्हणजे पाहत पाहत होणारे शिकणे, म्हटले आणि तिच्यातील उणीवही दाखवली : विद्यार्थ्याला शिक्षकाची कृती दिसते, त्या कृतीमागचा विचार आणि निवड दिसत नाही. सांस्कृतिक विविधतेवरील चार व्याख्यानांनी ही उमेदवारी पुसली जात नाही. वर्गात गोंगाट वाढला, तास संपायला पाच मिनिटे उरली आणि अर्धा पाठ शिल्लक असला, की नवा शिक्षक आपल्या जुन्या शिक्षकांसारखाच वागू लागतो. म्हणून या कार्यदर्शिकेचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. समावेशकता केवळ मनोवृत्तीचा विषय म्हणून शिकवण्यापेक्षा ती पाहता येईल, मोजता येईल आणि पुन्हा पुन्हा सरावता येईल अशा वर्गकृतींत उतरवावी आणि पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात तिला जागा द्यावी. कारण निरीक्षक ज्याची नोंद घेतो, तेच छात्राध्यापक टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, आणतो.

आधी स्वतःच्या शाळेकडे पाहायला लावावे

पहिल्या आठवड्यात प्रत्येक छात्राध्यापकाने आपल्या शालेय वर्गाविषयी दोन-तीन पाने लिहावीत. लेखनासाठी नेमके प्रश्न द्यावेत. शिक्षकांना कोणाची नावे पटकन आठवत? कोणाच्या बोलण्याची ढब वर्गात हसण्याचा विषय होत असे? फळ्यावर लिहायला, निरोप द्यायला, पाहुण्यांसमोर बोलायला कोणाला पाठवले जाई आणि वर्ग झाडायला कोणाला? पालकांपैकी कोण शाळेत सहज येत आणि कोण फाटकाशी थांबत? असे प्रश्न विचारले की लेखन आठवणींच्या गोडव्यात अडकत नाही आणि वर्गातील सत्तेची, आपलेपणाची वाटणी दिसू लागते.

हे लेखन सर्वांसमोर वाचून घेऊ नये. ज्यांना शाळेत अपमान सोसावा लागला, त्यांच्यावर तो पुन्हा सांगण्याची वेळ आणणे हा काही शिक्षणाचा मार्ग नव्हे. अल्पसंख्य समाजातून आलेल्या छात्राध्यापकाला त्या साऱ्या समाजाचा प्रवक्ता करण्याचा मोहही प्रशिक्षकाने टाळावा. ‘तुमच्याकडे याबद्दल काय मत आहे?’ हा प्रश्न कितीही आस्थेने विचारला, तरी त्यातून एका माणसाच्या जागी एक गट उभा राहतो. लेखनावर प्रशिक्षकाने खासगी टिपण द्यावे आणि वर्गात चर्चा करताना फक्त सर्वांच्या लेखनात दिसलेले कल मांडावेत. शेवटी प्रत्येकाने आपल्या शिक्षकांची एक सवय पुढे न्यायची आणि एक सोडायची असे लिहून द्यावे. सोडायची सवय पुढे पाठनिरीक्षणात तपासली जाते, हे त्याला त्याच वेळी सांगून ठेवावे.

संस्कृती म्हणजे काय, हे कामापुरते ठरवावे

प्रशिक्षणात सर्वात जास्त वेळ वाया जातो तो वेशभूषा, सण आणि खाद्यपदार्थ यांची प्रदर्शने भरवण्यात. ती करू नयेत असे नाही, पण त्यांनी गणिताच्या तासाला काहीही बदलत नाही. वर्गाच्या दृष्टीने संस्कृतीचा उपयोगी अर्थ अधिक साधा आहे : मोठ्यांशी कसे बोलावे, एकाने बोलावे की अनेकांनी, चूक सर्वांसमोर करावी की आधी एकट्याने सराव करावा, मदत मागणे मोकळेपणाचे लक्षण की कमीपणाचे, वेळ कसा पाळावा, गोष्ट कुठून सुरू करावी, याबद्दल घराघरांत रुजलेल्या अपेक्षा. शिक्षकाच्याही अशा अपेक्षा असतात आणि त्या त्याला संस्कृती वाटत नाहीत, शिस्त वाटतात. छात्राध्यापकाने शिकायची पहिली गोष्ट हीच आहे.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये संस्कृतीशी सुसंगत अध्यापनाची मांडणी केली तेव्हा तिच्यात तीन गोष्टी एकत्र धरल्या होत्या : मुलांचे प्रत्यक्ष शैक्षणिक यश, स्वतःच्या संस्कृतीवर पकड ठेवून इतरांच्या संस्कृतीत वावरण्याची क्षमता, आणि समाजातील विषमतेकडे डोळसपणे पाहण्याची सवय. व्यवहारात पहिली गोष्ट सर्वात लवकर निसटते. ‘बिचाऱ्याला घरी कोणी शिकवणारे नाही’ असे म्हणत छात्राध्यापक त्या मुलाला सोपे प्रश्न देतो, अर्ध्या उत्तराचेही कौतुक करतो आणि अवघड उदाहरण दुसऱ्याकडे वळवतो. त्यात माया असते आणि मुलाचे नुकसानही असते.

शिक्षकाच्या अपेक्षांचा मुलांच्या प्रगतीवर परिणाम होतो, हा दावा रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी एका शाळेतील प्रयोगावरून १९६८ मध्ये मांडला. तो परिणाम किती मोठा, यावर नंतर बराच वाद झाला आणि पुढच्या अनेक अभ्यासांत तो सुरुवातीला वाटला होता त्यापेक्षा लहान दिसला. त्यामुळे त्या प्रयोगाचा चमत्कार म्हणून उल्लेख करू नये. प्रशिक्षणासाठी अधिक उपयोगी काम जेरे ब्रोफी आणि थॉमस गुड यांचे आहे. त्यांनी १९७० पासून शिक्षक हुशार समजलेल्या आणि कच्च्या समजलेल्या मुलांशी वेगवेगळे कसे वागतात, याची वर्गात बसून नोंद केली. हुशार मूल अडखळले तर शिक्षक प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा मांडतो किंवा सूचक शब्द देतो. कच्चे समजलेले मूल अडखळले तर उत्तर स्वतः सांगून टाकतो किंवा दुसऱ्याला विचारतो. या नोंदी कोणत्याही सराव पाठात घेता येतात, आणि त्या दाखवल्या की छात्राध्यापकाला वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

घरातील ज्ञानाची ओळख

शाळेतील आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून शिकवण्याचा काळ, सुरू होताच प्रत्येक छात्राध्यापकाने दोन किंवा तीन कुटुंबांशी, शाळेच्या आणि कुटुंबाच्या संमतीने, सविस्तर बोलावे. या पद्धतीला चांगला आधार आहे. लुइस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात अमेरिकेतील टूसॉन शहरातील शिक्षक मेक्सिकन वंशाच्या श्रमिक कुटुंबांकडे तपासनीस म्हणून नव्हे, तर शिकणारे म्हणून गेले. शेती, पशुपालन, बांधकाम, यंत्रदुरुस्ती, व्यापार, घरगुती औषधे, हिशेब यांचे किती तरी ज्ञान त्यांना त्या घरांत आढळले, आणि शाळेच्या नोंदींत त्यातले काहीही नव्हते.

भेटीपूर्वी महाविद्यालयात जोडीजोडीने संवादाचा सराव घ्यावा. घरात कोण काय काम करते, ते काम कोणाकडून शिकले, मूल त्यात कोणता हात देते, घरात मोठ्यांकडून लहानांपर्यंत गोष्टी कशा पोचतात, मुलाला कशात रस आहे, शाळेकडून पालकांना काय हवे आहे, असे प्रश्न असावेत. उत्पन्न, धर्माचरण, स्थलांतराची कागदपत्रे, कौटुंबिक कलह हे विषय पालकांनी स्वतः काढल्याखेरीज काढू नयेत. भेटीत सतत लिहीत बसू नये. घरी न बोलावणे हाही पालकांचा हक्क आहे. अशा वेळी शाळेत, सार्वजनिक ठिकाणी किंवा दूरध्वनीवर बोलणे होऊ शकते, आणि त्यावरून कुटुंब उदासीन आहे असा निष्कर्ष काढू नये.

नंतरचे काम अवघड आहे आणि बहुतेक ठिकाणी ते राहूनच जाते : मिळालेली माहिती पाठात आणणे. एखाद्या घरी शिवणकाम चालत असेल, तर कापडाच्या रुंदीत कोणते तुकडे कसे बसवले की कमीत कमी कापड वाया जाते, यावर क्षेत्रफळ आणि अपूर्णांकांचा एक खरा प्रश्न उभा राहतो. तो पाठ्यपुस्तकातील प्रश्नाहून कठीणही असू शकतो. नुसते ‘शिंप्याने दोन मीटर कापड घेतले’ असे वाक्य टाकून पूर्वीचेच उदाहरण ठेवले, तर ती सजावट झाली. कसोटी अशी ठेवावी : त्या कामाची माहिती असलेल्या मुलाला हे उदाहरण सोडवताना काही फायदा होतो का, आणि माहिती नसलेल्या मुलाला त्यातून काही नवे कळते का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तरच ते टाचणात ठेवावे. याबरोबर एक धोकाही सांगितला पाहिजे. पालकांच्या कामावरून मुलाची आवड किंवा भविष्य ठरवले, तर हीच पद्धत मुलाला एका चौकटीत बंद करते. सुताराच्या मुलीला खगोलशास्त्र आवडू शकते.

वर्गातील बोलणे : कोण, केव्हा, किती

मला विचाराल तर प्रशिक्षणातील सर्वाधिक वेळ या भागाला द्यावा, कारण बहुतेक मुले वर्गाबाहेर पडतात ती आधी बोलण्यातून पडतात.

सुरुवात थांबण्यापासून करावी. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद किंवा त्याहून कमी वेळ थांबतात आणि मुलाने उत्तर दिल्यावरही तितक्याच घाईने बोलू लागतात, असे दिसले. हा अवधी तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरे लांब झाली, उत्तर न देणाऱ्यांचे प्रमाण घटले, ज्यांना शिक्षक मंद समजत होते ती मुले अधिक बोलू लागली आणि शिक्षकांच्या प्रश्नांची संख्या कमी होऊन त्यांत विविधता आली. दुसऱ्या भाषेत विचार करून उत्तर देणाऱ्या मुलाला हे तीन सेकंद विशेष हवे असतात. छात्राध्यापकाला मात्र ते फार मोठे वाटतात. म्हणून केवळ सूचना देऊन भागत नाही. पाठाचे ध्वनिमुद्रण करून त्यानेच घड्याळ लावून स्वतःची शांतता मोजावी.

त्यानंतर सहभागाच्या रचनेकडे वळावे. सुझन फिलिप्स यांनी अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील मूळनिवासी मुलांचा अभ्यास केला. शिक्षकाने नाव घेऊन सर्वांसमोर उभे केले की ही मुले गप्प बसत. लहान गटात स्वतः कामाची वाटणी करताना किंवा शिक्षकाशी एकट्याने बोलताना तीच मुले पुरेशी बोलत. त्यांच्या समाजात कौशल्य आधी पाहून, मग एकांतात सराव करून, शेवटी लोकांसमोर आणण्याची रीत होती. उलट चित्र हवाईतील आहे. होनोलुलूत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या एका प्रारंभिक शिक्षण प्रकल्पातील वाचनाच्या पाठांचा कॅथरिन आउ यांनी अभ्यास केला. हवाईयन मुले एकमेकांच्या बोलण्यात बोलणे मिसळून, सर्वांनी मिळून एक उत्तर रचत. घरी गोष्टी सांगण्याची पद्धत तशीच होती. शिक्षकांनी एका वेळी एकानेच बोलण्याचा आग्रह सैल केला, तेव्हा मुलांची चर्चा मजकुरावर टिकू लागली.

ही दोन उदाहरणे नेहमी एकत्र द्यावीत. एकटे दिले तर छात्राध्यापक ‘त्या समाजाची मुले लाजाळू असतात’ असा नवा साचा तयार करतो. एकत्र दिली की मुद्दा कळतो : एकीकडील शांततेला शिक्षक मठ्ठपणा समजला असता आणि दुसरीकडील गलक्याला बेशिस्त, आणि दोन्ही वेळा चूक शिक्षकाने लावलेल्या अर्थात असती. आपल्या वर्गात यातले काय घडते, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी बैठकीचा नकाशा वापरावा. निरीक्षक बाकांची आकृती काढतो आणि पाठ चालू असताना प्रत्येक मुलाच्या चौकटीत खुणा करतो : शिक्षकाने प्रश्न विचारला, मूल आपणहून बोलले, पुढचा पूरक प्रश्न मिळाला, केवळ दटावणी मिळाली. पाठानंतर हा कागद काही न बोलता छात्राध्यापकासमोर ठेवावा. रिकाम्या चौकटी कोणत्या मुलांच्या आहेत हे तोच सांगतो, आणि बहुधा त्याला त्यातील काही नावे आठवत नाहीत.

नावांचा विषय छोटा आहे, पण टाळू नये. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचे नाव त्याच्याच तोंडून ऐकून, उच्चार टिपून, घोकून पाठ करावे. अवघड वाटते म्हणून नाव लहान करू नये, टोपणनाव देऊ नये.

सरावासाठी सूक्ष्म अध्यापन

ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास विकसित केलेली सूक्ष्म अध्यापनाची पद्धत प्रशिक्षण महाविद्यालयांना परिचित आहे : काही मिनिटांचा पाठ, मोजके विद्यार्थी, एकच कौशल्य, प्रत्याभरण (पाठ कसा झाला यावरचा अभिप्राय) आणि पुन्हा पाठ. तिचा वापर प्रस्तावना, स्पष्टीकरण, फलकलेखन अशा ठरलेल्या कौशल्यांपुरता राहतो. त्यात चार कौशल्यांची भर घालावी : तीन सेकंद थांबणे, अपुऱ्या उत्तराला पूरक प्रश्नाने पुढे नेणे, घरच्या भाषेत आलेले उत्तर स्वीकारून वर्गाच्या भाषेत जोडणे, आणि वर्गात आलेल्या अपमानास्पद शेऱ्याला तोंड देणे.

शेवटचे कौशल्य सर्वात महत्त्वाचे आणि सर्वात दुर्लक्षित आहे. एखाद्या मुलाच्या रंगावर, बोलीवर, धर्मावर, अपंगत्वावर कोणी शेरा मारतो आणि वर्ग हसतो. नवा शिक्षक अशा वेळी एक तर ऐकले नाही असे दाखवतो, किंवा संतापून दहा मिनिटांचे प्रवचन देतो, किंवा ज्याला शेरा लागला त्यालाच ‘तुला वाईट वाटले का?’ असे सर्वांसमोर विचारतो. तिसरा प्रकार सर्वात त्रासदायक. याऐवजी मोजकी वाक्ये तोंडात बसवून घ्यावीत : ‘थांबा. हे वाक्य या वर्गात चालणार नाही, कारण ते माणसाच्या असण्यावर बोलते. आपण उदाहरण पूर्ण करू. तू तासानंतर मला भेट.’ आवाज चढू द्यायचा नाही, हसणाऱ्यांकडे एकदा पाहायचे आणि काम सुरू करायचे. तासानंतर आधी ज्याला शेरा लागला त्याच्याशी खासगीत बोलायचे, त्याला पुढे काय हवे ते विचारायचे, मग बोलणाऱ्याशी. आणि प्रकार वारंवार होत असेल तर शाळेच्या नियमांनुसार लेखी नोंद करायची. हा प्रसंग सहकाऱ्यांसमोर अभिनयातून पाच-सहा वेळा घ्यावा आणि दर वेळी शेरा मारणाऱ्याची भूमिका वेगळ्या छात्राध्यापकाला द्यावी. शेऱ्यात खऱ्या सहाध्यायींच्या ओळखीवर बोट ठेवले जाणार नाही, याची काळजी प्रशिक्षकाने आधीच घ्यावी.

भाषेचा आधार टाचणातच हवा

मैदानावर वर्गाच्या भाषेत भराभरा बोलणारे मूल प्रश्नपत्रिकेत अडखळते, तेव्हा शिक्षक त्याला आळशी ठरवतो. जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेला भेद येथे उपयोगी पडतो. दुसऱ्या भाषेतील रोजच्या संभाषणाची सफाई साधारण दोन वर्षांत येऊ शकते, पण पाठ्यपुस्तकाची, परीक्षेची, युक्तिवादाची भाषा समवयस्कांच्या पातळीवर यायला सुमारे पाच ते सात वर्षे किंवा अधिक लागू शकतात. हे आकडे सरासरीचे आहेत. कोणत्याही एका मुलाचे भविष्य त्यावरून वर्तवू नये.

टाचणात विषयाच्या उद्दिष्टाखाली भाषेचेही एक उद्दिष्ट लिहायला लावावे. ‘विद्यार्थी बाष्पीभवन स्पष्ट करेल’ एवढे पुरत नाही. स्पष्ट करण्यासाठी त्याला ‘जसजसे… तसतसे’, ‘यामुळे’, ‘याउलट’ अशी रचना लागणार आहे, ती कुठे ऐकवली जाईल आणि कुठे वापरून पाहिली जाईल, हे टाचणात दिसले पाहिजे. नवे शब्द चित्रासह फळ्याच्या एका बाजूला तासभर राहावेत. एकच घरभाषा असलेल्या मुलांनी आधी त्या भाषेत चर्चा करून मग वर्गाच्या भाषेत मांडणी करावी, अशी पायरी ठेवावी. विचार मांडत असताना व्याकरण दुरुस्त करू नये. दुरुस्तीसाठी लेखनाचा दुसरा खर्डा असतो. घरच्या भाषेवर बंदी घालू नये, गमतीनेही दंड करू नये. पालकांच्या भेटीत नाजूक विषयावर मुलालाच दुभाषी करू नये. मोठा दुभाषी मिळत नसेल तर भेट पुढे ढकलणे बरे.

वाचनसाहित्याबाबत थोडक्यात. रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये म्हटले की पुस्तके मुलांसाठी आरसा आणि खिडकी अशी दोन्ही कामे करतात : आरशात मूल स्वतःला पाहते, खिडकीतून इतरांचे जग. छात्राध्यापकाने आपण वापरणार असलेल्या एका घटकातील चित्रे, नावे आणि पात्रांची कामे मोजून पाहावीत : कोण दिसते, कोण काय करते, कोण फक्त समस्या म्हणून येते. उणीव दिसली तर संपूर्ण पुस्तक बदलण्याची गरज नसते. दोन उदाहरणे, एक छायाचित्र, एक चरित्र यांनीही बराच फरक पडतो.

व्यावसायिकता आणि समावेशकता यांची फारकत करू नये

काही महाविद्यालयांत व्यावसायिक आचारसंहितेचा तास वेगळा आणि विविधतेचा तास वेगळा असतो. वर्गात या गोष्टी वेगळ्या राहत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम २ भेदभावाला मज्जाव करते, कलम १२ मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याविषयी आहे, कलम २९ शिक्षणातून मुलाच्या पालकांविषयी, त्याच्या सांस्कृतिक ओळखीविषयी, भाषेविषयी आदर वाढावा असे सांगते आणि कलम ३० अल्पसंख्य व मूळनिवासी समाजांतील मुलांच्या भाषेचा, धर्माचा आणि संस्कृतीचा हक्क नोंदवते. स्पेनमधील सालामांका शहरात १९९४ मध्ये झालेल्या, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाविषयीच्या जाहीरनाम्यात ९२ शासनांनी सर्वसाधारण शाळा सर्व मुलांसाठी असाव्यात, ही दिशा मान्य केली. छात्राध्यापकाला ही कलमे पाठ येण्यापेक्षा त्यांवरून निर्णय घेता आले पाहिजेत. म्हणून प्रसंग द्यावेत : कुटुंबभेटीत कळलेली गोष्ट शिक्षककक्षात सांगावी का? मुलांचे छायाचित्र स्वतःच्या समाजमाध्यमावर टाकावे का? पालकांनी भेटवस्तू आणली तर? मुलाने मारहाणीची खूण दाखवली आणि ‘कोणाला सांगू नका’ असे म्हटले तर? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चर्चेवर सोडू नये. गुप्ततेचे वचन द्यायचे नाही, मुलाचे शब्द जसेच्या तसे टिपायचे आणि त्याच दिवशी शाळेतील जबाबदार व्यक्तीला कळवायचे. संस्कृतीचा आदर हे मौनाचे कारण होऊ शकत नाही.

स्वतःची धार्मिक किंवा राजकीय मते असणे हा शिक्षकाचा हक्क आहे, ती मुलांवर लादणे हा नाही. हा भेदही प्रसंगांतूनच शिकवावा, उपदेशातून नव्हे.

निरीक्षण, चर्चा आणि मूल्यमापन

पाठनिरीक्षणाचा नमुना बदलल्याशिवाय वरील काहीही टिकणार नाही. नमुन्यातून ‘विद्यार्थ्यांविषयी आत्मीयता दाखवतो’ अशी वाक्ये काढावीत, कारण दोन निरीक्षक त्यांचे दोन अर्थ लावतात. त्यांच्या जागी मोजता येणारी विधाने घालावीत : किती वेगवेगळी मुले बोलली, प्रश्नानंतर सरासरी किती थांबला, अडखळलेल्या किती मुलांना पूरक प्रश्न मिळाला, अवघड प्रश्न कोणाकडे गेले, भाषेचे उद्दिष्ट प्रत्यक्ष कोणत्या मिनिटाला आले. सर्व मुद्दे एकाच पाठात तपासू नयेत. दोन पुरेत, आणि ते आधी कळवावेत.

पाठानंतरच्या चर्चेत आधी छात्राध्यापकाने बोलावे, नंतर नकाशा आणि नोंदी पाहाव्यात, मग निरीक्षकाने मत द्यावे आणि पुढच्या पाठासाठी एकच बदल ठरवावा. निरीक्षक पाच सूचना देतो तेव्हा त्याला आपण कसून काम केले असे वाटते. छात्राध्यापक मात्र त्यातली सर्वात सोपी निवडतो.

चिंतनाच्या रोजनिशीबद्दल माझे मत काहीसे कडक आहे. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये कृती करताना आणि कृतीनंतर होणाऱ्या चिंतनाचे महत्त्व मांडले, आणि ते योग्यच आहे. पण गुणांसाठी लिहिलेल्या रोजनिश्या फार लवकर भक्तिभावाने भरतात. ‘आज मला विविधतेचे महत्त्व कळले’ या वाक्यावर काहीही तपासता येत नाही. म्हणून प्रत्येक नोंद एका प्रसंगापुरती असावी : काय घडले, मी काय निवडले, दुसरे काय निवडता आले असते, उद्या काय करून पाहणार. मनोवृत्तीला गुण देऊ नयेत. अंतिम मूल्यमापनासाठी एकाच घटकाची दोन टाचणे मागावीत, एक आंतरवासितेच्या आरंभीचे आणि एक मुलांची ओळख झाल्यावरचे, आणि प्रत्येक बदलासमोर तो कोणत्या मुलाच्या कोणत्या गरजेमुळे केला, हे मुलाचे खरे नाव न देता लिहायला सांगावे.

शाळेतील मार्गदर्शक शिक्षकाची पद्धत यापेक्षा वेगळी असेल तर छात्राध्यापकाची ओढाताण होते. त्याने तेथे जाऊन सुधारणेचे झेंडे रोवू नयेत. आंतरवासितेपूर्वी महाविद्यालयाने मार्गदर्शक शिक्षकांची बैठक घेऊन निरीक्षणाचा नमुना त्यांच्यासोबत बसून ठरवावा, आणि मतभेद झाल्यास छात्राध्यापकाने कोणाकडे जायचे ते लेखी द्यावे. अनुभवी शिक्षकांना त्यांच्या वर्गातील मुलांविषयी जे माहीत असते, ते महाविद्यालयातील कोणालाही माहीत नसते. ते या नमुन्यात आले पाहिजे.

राहता राहिला महाविद्यालयातील स्वतःचा वर्ग. तेथे प्राध्यापक मागच्या रांगेतील छात्राध्यापकाला वर्षभर नावाने हाक मारत नसतील आणि ठरावीक चार जणच उत्तरे देत असतील, तर सूक्ष्म अध्यापनाचे सारे धडे त्या वर्गासमोर फिके पडतात. म्हणून प्रत्येक सत्रात किमान एकदा प्रशिक्षकाच्या तासाचा सहभाग-नकाशा छात्राध्यापकांनी काढावा, थांबण्याचे सेकंद मोजावेत आणि पाठनिरीक्षणाच्या त्याच नमुन्यात भरून प्रशिक्षकाला द्यावेत. पुढच्या तासासाठी कोणता एक बदल करायचा, ते प्रशिक्षकाने त्यांच्यासमोरच लिहून द्यावे आणि तो झाला की नाही, हे तपासण्याचे काम दोन छात्राध्यापकांकडे सोपवावे.